बचतीच्या यादीतलं गाव

"सावरदरीवाले आलेत, मॅडम. चहा पाजा आणि वाटेला लावा. फाईलबद्दल काही बोलायचं नाही."

कोरगावकर साहेबांनी हे मान वर न करता सांगितलं. सत्तावीस मार्चची दुपार होती. टेबलावर कागदांचे गठ्ठे होते आणि साहेब एकेक कागद शांतपणे उलटत होते. ते कधी आवाज चढवत नसत. समोरच्याला भांडायला जागाच ठेवायची नाही, ही त्यांची पद्धत. शिव्या देणाऱ्या साहेबापेक्षा ही पद्धत मला जास्त झोंबायची.

मी तेव्हा जिल्हा नियोजन कार्यालयात संशोधन सहायक होते. नाव भारदस्त, पण काम एवढंच, की कोणत्या तालुक्याला किती निधी मिळाला, किती खर्च झाला, किती उरला याचे तक्ते करायचे. सात तालुके, सात रकाने. त्यातला किन्हाळा हा माझा तालुका, मी तिथे जन्मले, तिथल्याच शाळेत शिकले. रस्ते घ्या, वीज घ्या, दवाखाने घ्या, कारखाने घ्या, कुठलाही तक्ता काढला तरी किन्हाळा तळाला. इतकी सवय झाली होती, की मी तक्ता करायला बसले की तळाची ओळ आधी भरून मोकळी व्हायचे.

बाहेर बाकावर दोघं बसली होती. उत्तमराव खिल्लारी म्हणजे सावरदरीचे माजी सरपंच, बोलायला लागले की थांबायचं नाव नाही. आणि कौसाबाई इंगोले, साठीच्या आसपासच्या, तीन एकरांच्या मालकीण, नवरा जाऊन बारा वर्षं झालेली. हळद शिजवायला त्यांच्यासारखं कुणी नाही असं गावात म्हणत. दोघं मे महिन्यापासून सात वेळा आली होती. सातही वेळा त्यांना "प्रक्रियेत आहे" हे उत्तर मिळालं होतं, आणि त्यांतल्या चार वेळा ते मीच दिलं होतं.

प्रकरण सरळ होतं. मागास तालुक्यांसाठी म्हणून जो निधी येतो, त्यातून सावरदरीला हळदीचा उपबाजार मंजूर झाला होता. एक मोठी शेड, एक गोदाम, गाडीसकट माल तोलणारा वजनकाटा आणि हळदीला पॉलिश करायचं यंत्र. चौऱ्याऐंशी लाख रुपये. अट एकच, जागा गावानं द्यायची. आमच्या भागात हळद उदंड पिकते. पण ती विकायला ट्रक करून दूर सांगलीपर्यंत न्यावी लागायची. माझे वडील दरसाल जायचे. एकदा तिथे पोचलं की मिळेल तो भाव घ्यायचा, कारण पोती परत आणायचं भाडं कोण भरणार. पोती तिथे रिकामी करून ते घरी यायचे आणि दोन दिवस कुणाशी बोलायचे नाहीत. गोदाम असतं तर भाव येईपर्यंत माल ठेवता आला असता. एवढी साधी गोष्ट होती.

मी दोघांना कँटीनमध्ये नेलं. उत्तमरावांनी बशीत चहा ओतला आणि पॉलिशच्या यंत्राबद्दल सुरू केलं, की ते कुठल्या कंपनीचं घ्यावं, ढोल किती पोत्यांचा असावा. कौसाबाई चहाला हात न लावता बसल्या होत्या.

"मावशी, चहा घ्या."

"घेते. आधी मले येक सांगा, काम कव्हा लागन?"

"घाई आहे का?"

"माहा लेक दिनकर चाकणले कंपनीत हाये," त्या म्हणाल्या. "सात वर्सं झाले. खोलीत सहा जनं राह्यतात, पाळीपाळीनं झोपतात. माही नातीन चार वर्साची झाली, तिनं बाप मोजून आठ-दहा खेपाच पाह्यला असन. म्या त्याले सांगून ठेवलं, बाजार झाला का काट्यावर मानूस लागन, हिशोबाच्या पट्ट्या लिवाले मानूस लागन. तू धावी शिकेल हाये. तो म्हने, बाजार होऊ दे, मी दुसऱ्या दिवशी येतो."

"आन येकटा दिनकर नाई," उत्तमराव म्हणाले. "गावातले चाळीस पोरं बाहेर हायेत, म्याडम. बाजार झाला का हमाल आले, गाड्या आल्या, हाटेल आलं, पंक्चरवाला आला. बाकीचं आपोआप होते."

उत्तमरावांनी कुठलं अर्थशास्त्र वाचलं नव्हतं. पण आमच्या कार्यालयात प्रादेशिक विकासावर जे जाडजूड अहवाल येत, त्यांत चारशे पानांत जे सांगितलेलं असे ते या माणसानं बशीतला चहा संपायच्या आत सांगितलं. मला गप्प बसवेना, कारण मला यादी दिसत होती.

ती यादी मी चोवीस तारखेला स्वतः टाईप केली होती. सरकारी भाषेत न खर्चलेल्या पैशाला बचत म्हणतात. वर्षभर एखाद्याला जेवू घालायचं नाही आणि शेवटी त्याच्या ताटातलं अन्न वाचलं म्हणायचं, तशी ही बचत. मार्च संपायच्या आत तिची यादी करायची आणि तो पैसा दुसऱ्या कामाकडे वळवायचा. सतराव्या ओळीवर सावरदरी होती. कारणाच्या रकान्यात साहेबांनी सांगितलेलं वाक्य मी टाईप केलं होतं, "ग्रामस्थांकडून जागा उपलब्ध न झाल्याने." शेजारच्या रकान्यात पैसा कुठे जाणार ते होतं. जिल्ह्याच्या गावातल्या तलावाचं सुशोभीकरण, रंगीत दिव्यांच्या कारंज्यासह. यादी टाईप करून मी साहेबांच्या टेबलावर ठेवली होती.

"मावशी, तुमच्या जागेत अडचण आहे," मी म्हणाले.

उत्तमरावांनी बशी खाली ठेवली.

"जागा तं मे मधीच देली," उत्तमराव म्हणाले. "घरटी वर्गणी काढली. ज्याची जितकी हळद तितकी वर्गणी. पाटलाकून दीड एकर इकत घेतली, रोडले लागून. सातबारा देल्ला तुमाले."

"दिला. पण सातबाऱ्यावर मालक कोण आहे?"

"मारोती."

त्यांनी ते इतकं सहज सांगितलं, की एरवी मला हसू आलं असतं.

"मारोती कशाला, उत्तमराव? शासनाच्या नावावर पाहिजे होती."

"म्याडम, गावाची वस्तू आमी मानसाच्या नावावर ठेवतच नाई," ते समजावून सांगू लागले. "मानूस मेला का त्याचे पोरं उभे राह्यतात वाटा मांगाले. आन सरकारच्या नावावर केली का तालुक्याचे लोकं उचलून नेतात. म्हनून सगळं मारोतीच्या नावावर. लग्नातले भांडे मारोतीचे, ताडपत्री मारोतीची, पान्याच्या मोटरीचं लाईटबिलबी मारोतीच्याच नावानं येते. त्याले ना बायको, ना लेकरं. वारसच नाई तं भांडन कोनाचं?"

देवाच्या नावावरच्या जमिनीवर सरकारला इमारत बांधता येत नाही. ती जमीन काढून घ्यायची तर परवानग्यांना वर्ष लागतं. हे जूनमध्ये, पहिल्या आठवड्यात, कुणी एका ओळीत कळवलं असतं, तर मार्चच्या आत दुसरी जागा बघून गाव मोकळं झालं असतं. मी त्यांना हे सगळं सांगितलं. साहेबांनी बोलू नका म्हटलं होतं म्हणून तर जास्तच स्पष्ट सांगितलं. मारोतीचं नाव ऐकून साहेब गेल्या वर्षी केबिनमध्ये कसे गालात हसले होते ते मला आठवत होतं.

"आता?" उत्तमरावांनी विचारलं.

"एकतीस तारखेच्या आत दुसरी जागा. दीड एकर, रस्त्याला लागून, शासनाच्या नावानं नोंदणी करून."

"चार दिवसांत कोन देईन?"

ते बोलले आणि बोलता बोलताच त्यांनी कौसाबाईंकडे पाहिलं. मग पटकन नजर वळवली. रस्त्याला लागून, पाटलाच्या तुकड्यानंतर, सावरदरीत एकच शेत होतं.

कौसाबाईंनी पहिल्यांदा चहाचा कप उचलला. गार झालेला चहा त्यांनी सावकाश संपवला.

"ते काळं रान हाये," त्या म्हणाल्या. "तीन एकरातलं तेच दीड एकर खरं. बाकी मुरूम."

"मावशी, तुम्ही विचार करा."

"म्या सात वर्सं विचारच केला. तुमी मले येकच सांगा. कागद झाला तं बाजार होईन का?"

मी काय उत्तर दिलं ते मला शब्दन् शब्द आठवतं. मी म्हणाले, "कागद पूर्ण झाला, तर त्यांना नाही म्हणता येणार नाही."

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. कार्यालयात पोटदुखीचं कारण कळवलं आणि सकाळच्या एसटीनं किन्हाळ्याला गेले. अंगात वारं शिरल्यासारखं झालं होतं. कौसाबाईंच्या रानाच्या दानाचा कागद शासनातर्फे कुणीतरी स्वीकारावा लागणार होता. तिथले नायब तहसीलदार माझ्याच परीक्षेच्या तुकडीतले, मी त्यांच्या टेबलासमोर ठाण मांडून बसले आणि वरून परवानगी घ्यायला लावली. तलाठ्याला घरून उठवून आणला. कागद लिहिणाऱ्याला दुप्पट पैसे दिले, माझ्या पर्समधून. पाच वर्षं मी तक्ते करत बसले होते, आज पहिल्यांदा काहीतरी करत होते. कोरगावकरांच्या टेबलावर हा कागद आपटायचा, आणि त्यांचा चेहरा बघायचा, एवढंच मला दिसत होतं.

एकोणतीस तारखेला दुपारी नोंदणी कार्यालयात कौसाबाईंचं नाव पुकारलं. त्या नवं लुगडं नेसून आल्या होत्या. प्रौढांच्या वर्गात शिकलेली सही त्यांनी घरी सराव करून आणली होती. टेबलामागच्या कारकुनानं नेहमीचा प्रश्न विचारला.

"आजी, जमीन खुशीनं देता ना?"

"खुशी-बिशी काई नाई," कौसाबाई म्हणाल्या. "लेक घरी येईन म्हनून देते."

कारकून थबकला. मग त्यानं "राजीखुशीने" असं लिहिलं आणि कागद पुढे सरकवला. कौसाबाईंनी जीभ दातात धरून सही केली. सहीतला शेवटचा "ले" रकान्याबाहेर गेला, तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "चालन ना?" मी म्हटलं, चालेल. बाहेर उत्तमरावांनी पेढे वाटले. ताबा पावतीवर तलाठ्याची सही घेऊन मी दोन्ही कागद छातीशी धरले आणि शेवटच्या गाडीनं परत आले.

तीस तारखेला सकाळी साडेदहाला मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले. कौसाबाई आणि उत्तमराव पहाटेच्या गाडीनं आले होते, ते बाहेर व्हरांड्यात थांबले. मी कागद टेबलावर ठेवले. आपटायचे ठरवले होते, प्रत्यक्षात नीट ठेवले.

साहेबांनी चष्मा लावून सगळं वाचलं. दानपत्र, ताबा पावती, नकाशा. पान उलटून शिक्कासुद्धा तपासला.

"उत्तम काम केलंत," ते म्हणाले. "दोन दिवसांत एवढं कुणी करत नाही. पोट आता बरं आहे ना?"

"साहेब, सावरदरीचं नाव यादीतून काढा."

"यादी पंचवीसलाच गेली, मॅडम."

पंखा चालू होता. त्यानं टेबलावरचा नकाशा थोडा उचलला, साहेबांनी त्यावर पेपरवेट ठेवला.

"मंजूर होऊन आलीसुद्धा," ते म्हणाले. "तलावाचं बिल काल निघालं."

मग माझं डोकं फिरलं. साहेबांसमोर आजवर मी वरच्या पट्टीत बोलले नव्हते, त्या दिवशी बोलले. ज्या गावानं वर्गणी काढून जागा घेतली त्याच्याबद्दल जागा मिळाली नाही असं लिहिताना लाज कशी वाटली नाही, असं विचारलं. किन्हाळ्याच्या नावानं पैसा आणायचा आणि तो इथे कारंज्यात उडवायचा, हा दरोडा आहे असं म्हणाले. शेजारच्या खोलीतली टाईपरायटरची टकटक थांबली होती.

साहेबांनी ऐकून घेतलं.

"तुमचा राग मला कळतो," ते म्हणाले. "पण आकडे तुम्हीच करता. पाच वर्षांत किन्हाळ्याला जेवढं मिळालं त्यातलं निम्मं परत आलं. इथला ठेकेदार आठ दिवसांत बिल देतो. तिथे जागा नाही, तांत्रिक मंजुरी नाही, निविदेला माणूस येत नाही. पैसा खर्च झाला नाही तर पुढच्या वर्षी अख्ख्या जिल्ह्याचा कापला जातो. मग मी काय करू? जिथे खर्च होतो तिथे देणार."

"आणि जिथे देणार तिथेच पुढच्या वर्षी ठेकेदार तयार होणार, आणि किन्हाळ्यात कधीच होणार नाहीत," मी म्हणाले. "ते परत करत नाहीत, साहेब. तुम्ही परत घेता. जमीन मारोतीच्या नावावर आहे हे मी जूनमध्ये लिहून दिलं होतं. त्रुटी गावाला कळवावी, असं स्पष्ट लिहिलं होतं."

"फाईल आणा."

मी आणली. माझं टिपण होतं, सात जूनचं. त्याखाली साहेबांच्या बारीक अक्षरात दोनच शब्द होते, "चर्चा करावी." खाली सही, तारीख. त्यानंतर मार्चपर्यंत कोरं.

"चर्चा करावी, असं मी लिहिलं," साहेब म्हणाले. "मग तुम्ही चर्चेला का आला नाहीत?"

आमच्या कार्यालयात "चर्चा करावी" याचा अर्थ फाईल दाबून ठेवा असाच होता, हे शिपायालासुद्धा माहीत होतं. साहेब बोलावतील म्हणून मी थांबले होते, आणि ते बोलावणार नाहीत हेही मला माहीत होतं. पण कागदावर पाहिलं तर साहेबांनी चर्चेला बोलावलं होतं आणि मी गेले नव्हते.

"आणि ही म्हातारीची जमीन," साहेबांनी दानपत्रावर बोट ठेवलं. "याच्याशी माझा संबंध नाही हं. मी तुम्हाला फाईलबद्दल बोलू नका म्हणालो होतो. यादी गेली हे जावक नोंदवहीत लिहिलेलं आहे. ती वही तुमच्या खुर्चीच्या मागेच असते."

गेली एकवीस वर्षं मी या माणसाला मनात शिव्या घातल्या. बदली होऊन तो गेला, बढती घेऊन निवृत्त झाला, तरी माझा राग उतरला नाही. तक्ता करताना, भाषण ऐकताना, वर्तमानपत्रात मागास भागाच्या विकासाची मोठी घोषणा वाचताना तो पुन्हा उसळतो, आणि उसळावा असंच मला वाटतं. त्यांनी जे केलं ते वाईटच होतं. सावरदरीसारखी आणखी किती गावं त्या यादीत होती ते मी मोजलंय. पण त्या वाक्यावर मला त्यांना शिवी देता येत नाही. वही माझ्या खुर्चीच्या मागेच होती.

सत्तावीस तारखेला कँटीनमधून उठल्यावर मी वर आले तेव्हा ती उघडीच होती. जावक कारकून जेवायला गेला होता. मान वळवली असती तरी पंचवीस तारखेची नोंद दिसली असती. यादी तीन दिवस साहेबांच्या टेबलावर पडून राहणार नाही, मार्चअखेरीला तर नाहीच, एवढं पाच वर्षांच्या नोकरीत मला कळत होतं. मी वहीकडे पाहिलं नाही. बघायचं चुकून राहिलं असं नाही, मी ठरवून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर खाली जाऊन त्या दोघांना "संपलं, घरी जा" असं सांगावं लागलं असतं, आणि मला माझं भांडण पाहिजे होतं. पूर्ण झालेला कागद घेऊन साहेबांसमोर उभं राहायचं होतं. तो कागद कुणाच्या रानाचा असणार, याचा विचार मी दोन दिवस केला नाही.

पुढचं लवकर सांगते. जमीन परत मिळावी म्हणून मी तीन अर्ज लिहून दिले. एकदा शासनजमा झालेली जमीन परत देण्याची तरतूद नाही, असं तिन्हींचं उत्तर आलं. जूनमध्ये कौसाबाईंनी त्याच रानात हळद लावली, कारण जमीन मोकळीच पडलेली होती. ऑगस्टमध्ये त्यांना सरकारी जागेवर अतिक्रमण केल्याची नोटीस आली आणि उभं पीक उपटावं लागलं. पुढच्या वर्षीच्या आराखड्यात किन्हाळ्याचा हिस्सा कमी झाला. कारण म्हणून "निधी खर्च करण्याची क्षमता मर्यादित" असं लिहिलं होतं. तो तक्ता मीच केला. तलावातलं कारंजं दोन वर्षं चाललं. कौसाबाई गेल्या त्याला आता सहा वर्षं झाली, दिनकर दहाव्याला आला होता. ते दीड एकर अजून पडीक आहे, त्यावर शासनाची मालमत्ता म्हणून पाटी आहे.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी केबिनमधून मी बाहेर आले तेव्हा दोघं व्हरांड्यात उभी होती. आतलं माझं ओरडणं त्यांनी ऐकलं होतं. मी सांगितलं, पैसा गेला, पंचवीस तारखेलाच गेला होता.

कौसाबाईंनी बोटांवर दिवस मोजले.

"पंचवीसले गेला," त्या म्हणाल्या. "आन आमी आलो सत्तावीसले. म्या सही केली काल."

"हो."

"म्हंजे सही केली तव्हा पैसे नवतेच."

"नव्हते."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. त्या नजरेत राग होता, आणि तो कुणावर काढायचा हे त्यांचं अजून ठरत नव्हतं.

"म्याडम, खरं सांगजा. कँटीनमधी बसलो होतो तव्हा तुमाले हे ठाव होतं का?"

"नाही," मी म्हणाले.

ते खोटं नव्हतं. मला माहीत नव्हतंच.

कौसाबाईंचा चेहरा सैल झाला. त्या जवळ आल्या, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलंय हे बघून त्यांनी पदरानं माझं तोंड पुसलं. पदराला हळदीचा वास होता.

"मंग तुमी काहून रडता बाप्पा," त्या म्हणाल्या. "तुमाले जर ठाव असतं, तं तुमी मले सही करू देल्ली असती का?"

उत्तमरावांनी नकारार्थी मान हलवली. मीही मान हलवली, आणि त्यांना एसटीत बसवून द्यायला निघाले.